एका दीपगृहाचा जमाखर्च

जुन्या देवस्थानांचे कागद चाळू लागले की ‘नंदादीप’ आणि ‘दिवाबत्ती’ हे शब्द हमखास भेटतात. देवळापुढची दीपमाळ एकदा बांधली की पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. गाभाऱ्यातल्या दिव्याचे तसे नसते. त्याला रोज तेल लागते, वात लागते आणि रात्री उठून वात सारणारा माणूस लागतो. म्हणून शहाणा दाता नुसती समई देऊन थांबत नसे. तेलासाठी जमिनीचे उत्पन्न तोडून देई आणि ते कोणाच्या हाती द्यायचे तेही लिहून ठेवी. दिवा कोणी लावला यापेक्षा तो उद्या कशावर जळणार, ही चिंता त्या कागदांत जास्त दिसते.

समुद्रावरच्या दिव्याचा प्रश्नही नेमका हाच आहे, आणि तो किती अवघड आहे हे समजून घ्यायला मला बोस्टन बंदराच्या दीपगृहाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर उभारलेले हे पहिले दीपगृह. १४ सप्टेंबर १७१६ रोजी ते प्रथम पेटले. तेव्हा अमेरिका नावाचा देश नव्हता. मॅसॅच्युसेट्स ही ब्रिटिशांची वसाहत होती. इकडे साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते, बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळून तीन वर्षे झाली होती आणि कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दबदबा होता.

मी या दीपगृहापाशी पोचलो तो अमेरिकन मराठी मिशनच्या वाटेने. मुंबई आणि अहमदनगर इथे काम करणाऱ्या या मिशनचे मुख्य कार्यालय बोस्टनला होते. मिस सिंथिया फरार १८२७ मध्ये बोस्टनहून निघून मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. त्या कोणत्या बंदरातून निघाल्या, जहाज कोणत्या वाटेने बाहेर पडले, असे शोधता शोधता बंदराच्या तोंडाशी असलेला एक खडकाळ बेटाचा तुकडा नकाशावर दिसला. त्याचे नाव लिटल ब्रूस्टर. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर. मोठ्या वाटेने खुल्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला हा दिवा लागतो. मग मिशनचे कागद बाजूला राहिले आणि मी या दिव्याचा जमाखर्च वाचत बसलो.

जमेची बाजू आधी पाहू. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी १७१३ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाकडे अर्ज केला की, बंदराच्या तोंडाशी दिवा हवा. बंदराबाहेर बेटे आणि खडक विखुरलेले. अंधारात किंवा वादळात आत शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. १७१५ मध्ये कायदा झाला. त्यात बांधकामाइतकेच लक्ष पुढच्या खर्चाकडे दिलेले आहे. आत येणाऱ्या जहाजाने दर टनामागे एक पेनी द्यायची आणि बाहेर जाताना पुन्हा एक पेनी. किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणारी छोटी गलबते आणि मासेमारीच्या होड्या यांना ठरावीक, हलकी पट्टी. रखवालदाराचे कामही कायद्यातच सांगितलेले: सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवा जळता ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना तो उत्तम दिसेल अशा जागी ठेवायचा.

मला हा कायदा फार विचारपूर्वक केलेला वाटतो. दिव्याचा उजेड कुलूप लावून विकता येत नाही. पैसे देणाऱ्या जहाजाला दिसतो, तसा न देणाऱ्यालाही दिसतो. म्हणून उजेडाची किंमत समुद्रावर न मागता बंदरातल्या जकातीच्या चौकीवर मागायची, आणि ती जहाजाच्या आकारमानाप्रमाणे. नंदादीपासाठी जमीन तोडून देणाऱ्याने जे केले, तेच इथे टनामागे पेनी लावून साधले. पुढे आपल्याकडे १९२७ च्या दीपगृह कायद्यानेही जहाजांच्या टनांवर दीप-शुल्क बसवले. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तरी खर्च जहाजांनी उचलायचा हे तत्त्व कायम आहे.

बांधकामाला २,३८५ पौंड आणि वर काही शिलिंग-पेन्स लागले. पहिला रखवालदार जॉर्ज वर्दिलेक. पगार वर्षाला ५० पौंड. पुढच्या वर्षी ७०. एवढ्यात घर चालेना म्हणून तो जहाजांना वाट दाखवून बंदरात आणण्याचे काम करी आणि मेंढ्याही पाळी. १७१७ च्या हिवाळ्यातल्या वादळात त्याच्या ५९ मेंढ्या समुद्राने ओढून नेल्या. मेंढ्यांचा आकडा नोंदला गेला, कारण पगारवाढीच्या मागणीला तो कामाचा होता.

३ नोव्हेंबर १७१८ रोजी वर्दिलेक, त्याची बायको अ‍ॅन आणि मुलगी रूथ इतरांबरोबर शहराकडून बेटावर परत येत होते. गलबत बेटापासून थोडे दूर नांगरले. त्यांना उतरवून घ्यायला बेटावरून एक होडगे निघाले. ते वल्हवत होता शॅडवेल नावाचा आफ्रिकी वंशाचा माणूस. तो वर्दिलेकचा गुलाम होता. होडग्यात माणसे जास्त झाली, ते उलटले आणि सगळे बुडाले. शॅडवेलही बुडाला. त्यांच्या जागी तात्पुरता नेमलेला रॉबर्ट सॉन्डर्स हाही थोड्याच दिवसांत समुद्रात बुडून मेला. दिवा सुरू होऊन जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती आणि त्याने दोन रखवालदार खाल्ले होते.

या घटनेवर बोस्टनमध्ये एक पोवाड्यासारखे गीत छापून रस्तोरस्ती विकले गेले. ते रचले होते एका छापखान्यातल्या बारा वर्षांच्या उमेदवाराने, आणि त्या मुलाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. आत्मचरित्रात त्याने या गीताचा उल्लेख ‘द लाइटहाऊस ट्रॅजेडी’ असा केला आहे. ते भरपूर खपले, पण कविता करणारे भिकेला लागतात असे वडिलांनी बजावल्यावर आपण तो नाद सोडला, असेही तो सांगतो. आत्मचरित्राचा हा भाग त्याने १७७१ मध्ये, पासष्टाव्या वर्षी लिहिला. त्यात तो वर्दिलेकबरोबर दोन मुली बुडाल्या असे म्हणतो. बोस्टनच्या कॉप्स हिल दफनभूमीत या कुटुंबाची तीन भागांची एकच शिळा आहे. तिच्यावर नावे आहेत जॉर्ज, अ‍ॅन आणि रूथ. म्हणजे मुलगी एकच. त्रेपन्न वर्षांनी आठवणीतून लिहिणारा थोर माणूस आणि त्या वेळी दगडावर छिन्नी चालवणारा पाथरवट यांत मी पाथरवटाचे ऐकतो. पण दगडही सगळेच सांगतो असे नाही. शॅडवेलचे नाव त्या शिळेवर नाही.

पुढचा रखवालदार जॉन हेज याने १७१९ मध्ये एक मोठी तोफ मागितली. धुक्यात दिवा निरुपयोगी होतो. जहाजे वाट चुकू नयेत म्हणून ती बार काढत, आणि बेटावरून त्यांना उत्तर देता यावे अशी त्याची मागणी होती. तोफ मिळाली. अमेरिकेतला धुक्याचा इशारा देणारा हा पहिला सरकारी बंदोबस्त. तोफेवर १७०० हे साल कोरलेले असून ती अजून जपून ठेवली आहे. बांधणाऱ्यांच्या लक्षात न आलेली गरज तिथे राहणाऱ्याच्या लक्षात आली. या दीपगृहाच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडते.

उघड्या ज्योती, तेल आणि लाकडी जिने एकत्र आले की आग ठरलेली. १७२० मध्ये एकदा आग लागली. १७५१ मध्ये तर आतले सगळे जळून नुसत्या भिंती उरल्या. दुरुस्तीसाठी जहाजांवर जादा पट्टी बसली. वीजही अनेकदा पडे. फ्रँकलिनचा वीजवाहक दांडा सर्वत्र माहीत झाल्यावरही तो इथे लावायला काही धार्मिक मंडळींचा विरोध होता. आकाशातून येणारा ईश्वराचा तडाखा माणसाने अडवू पाहणे हा त्यांना उद्धटपणा वाटे. ज्या मुलाने या दिव्याच्या पहिल्या शोकांतिकेवर गीत रचले, त्याच्याच शोधाला इथे थांबावे लागले. शेवटी दांडा लागला.

आगीने आणि विजेने जे केले नाही ते माणसांनी केले. १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. बोस्टन शहर आणि बंदर ब्रिटिशांच्या ताब्यात. वसाहतीचे सैन्य बाहेर वेढा घालून बसलेले. आता हा दिवा शत्रूच्या जहाजांना वाट दाखवत होता. २० जुलैला अमेरिकन तुकडीने बेटावर उतरून दिवे आणि तेल पळवले आणि लाकडी भाग जाळला. ब्रिटिशांनी सैनिकांच्या पहाऱ्यात दुरुस्ती सुरू केली. महिना संपायच्या आत मेजर बेंजामिन टपर सुमारे ३०० माणसे घेऊन होड्यांतून आला आणि झालेली दुरुस्ती उद्ध्वस्त करून गेला. जॉर्ज वॉशिंग्टनने त्यांची जाहीर तारीफ केली. पुढच्या वर्षी, १३ जून १७७६ रोजी, बंदरातली उरलीसुरली ब्रिटिश जहाजे निघाली तेव्हा जाता जाता त्यांनी सुरुंग पेरून अख्खा मनोरा उडवला. ज्यांनी बांधला होता त्यांनी आधी जाळला आणि ज्यांना तो हवा होता त्यांनी शेवटी पाडला. दिव्याला बाजू नसते, तो सगळ्यांना दिसतो; युद्धात त्याचा हाच गुण गुन्हा ठरला.

सात वर्षे बंदराचे तोंड अंधारात होते. १७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने १,४५० पौंड मंजूर करून नवा दगडी मनोरा बांधला. उंची ७५ फूट. भिंतीची जाडी तळाशी साडेसात फूट, वर अडीच फूट. आज उभा आहे तो हाच. सरकार नवे झाले आणि १७८९ मध्ये पहिल्या संसदेने केलेला नववाच कायदा दीपगृहांचा होता. नव्या राष्ट्राला अजून धड राजधानी नव्हती, पण समुद्रावरच्या दिव्यांचा खर्च कोण उचलणार हे ठरवणे तातडीचे वाटले. त्या कायद्याने दीपगृहांचा खर्च केंद्राच्या तिजोरीवर पडला आणि टनामागच्या पेनीचा प्रश्न बंदरातून राजधानीत गेला.

तिथे या दिव्याचे दुसऱ्या प्रकारचे हाल सुरू झाले. १८१० मध्ये विन्स्लो लुइस नावाच्या जहाजाच्या कप्तानाने आपला नवा दिवा बोस्टनच्या मनोऱ्यावर लावून दाखवला. युरोपातल्या आर्गांच्या दिव्याची ती कच्ची नक्कल होती: पोकळ वात, मागे परावर्तक, पुढे हिरवट काचेचे जाड भिंग. भिंग प्रकाश पाठवण्याऐवजी अडवीच जास्त. पण लुइसने सरकारला पटवले की याला तेल निम्मे लागते. १८१२ मध्ये संसदेने त्याच्या हक्कापोटी आणि सगळ्या दीपगृहांवर दिवे बसवण्यासाठी ६०,००० डॉलर मंजूर केले. १८२० पासून दीपगृहांचा कारभार स्टीफन प्लेझन्टन या खजिन्यातल्या हिशेबतपासनिसाकडे आला आणि १८५२ पर्यंत त्याच्याकडेच राहिला. माणूस प्रामाणिक. १८१४ मध्ये ब्रिटिश फौज वॉशिंग्टनवर चालून आली तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा गाडीत घालून सुरक्षित हलवणारा हाच. पण त्याला ना समुद्र ठाऊक ना प्रकाशाचे शास्त्र. सर्वांत कमी बोलीची निविदा घ्यायची आणि वर्षाअखेरी शिल्लक दाखवायची, ही त्याची रीत.

फ्रान्समध्ये ओग्युस्तँ फ्रेनेलने आपले भिंग १८२२ पर्यंत सिद्ध केले होते. एकाच प्रचंड काचेऐवजी मधल्या भिंगाभोवती काचेच्या कड्यांची आणि लोलकांची रचना. त्यामुळे ज्योतीचा वर-खाली वाया जाणारा उजेड वळून क्षितिजाकडे एका पट्ट्यात जातो. युरोपचे किनारे या भिंगांनी उजळत गेले, आणि अमेरिकेत मात्र ती महाग म्हणून तीस वर्षे टाळली गेली. जहाजांच्या कप्तानांच्या तक्रारी येत होत्या. १८४३ मध्ये विन्स्लो लुइसच्याच पुतण्याने, आय. डब्ल्यू. पी. लुइस या अभियंत्याने, दीपगृहांची पाहणी करून कडक अहवाल दिला. अखेर १८५२ मध्ये कारभार हिशेबतपासनिसाच्या हातून काढून नौदलातले अधिकारी, अभियंते आणि शास्त्रज्ञ यांच्या मंडळाकडे सोपवला गेला. हिशेब चोख आणि दिवा मंद, अशी ही बत्तीस वर्षे होती. कागदावर वाचलेला पैसा खडकावर किती जहाजांनी भरला, ते त्या हिशेबात येत नाही.

मिस फरार निघाल्या त्या याच मंद वर्षांत. आणि याच वर्षांत बोस्टनहून आपल्याकडे आणखी एक माल येऊ लागला: बर्फ. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांवर करवतीने कापलेला बर्फ भुशात गुंडाळून फ्रेडरिक ट्यूडर जगभर पाठवी. १८३३ मध्ये त्याच्या ‘टस्कनी’ जहाजाने १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याची वाट धरली. चार महिन्यांनी सुमारे १०० टन शिल्लक पोचला. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईला आला. सर जमशेटजी जीजीभाय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकीकत मुंबईच्या इतिहासात गाजलेली आहे. त्या आइस्क्रीमच्या बर्फाने आणि अहमदनगरच्या शाळेच्या बाईंनी एकाच खडकावरच्या दिव्याचा निरोप घेतला होता. मुंबईच्या बंदराच्या बाहेर तेव्हा ना खांदेरीचा दिवा होता ना प्राँग्जचा. खांदेरीवर दीपगृह झाले १८६७ मध्ये. कुलाब्याच्या दक्षिणेला समुद्रात उभे असलेले प्राँग्जचे दीपगृह १८७५ मध्ये, टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याच्या हातून, ६,२०,२५५ रुपये खर्चून.

नव्या मंडळाने १८५९ मध्ये बोस्टनचा मनोरा ८९ फुटांपर्यंत उंच केला, आतून विटांचे अस्तर दिले आणि दुसऱ्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग बसवले. हे भिंग अजून तिथे काम करते आहे. त्यात ३३६ लोलक आहेत आणि भोवती बारा डोळे. मधली ज्योत स्थिर असते, भिंग तिच्याभोवती फिरते. एकेक डोळा समोरून सरकला की दूरच्या जहाजाला एक झोत दिसतो. आज दर दहा सेकंदांनी एक झोत पडतो, म्हणजे एका फेरीला दोन मिनिटे. पूर्वी हे भिंग वजनांच्या घड्याळयंत्रावर फिरे. मनोऱ्याच्या पोकळीत वजन हळूहळू खाली उतरे, आणि ते तळाला टेकण्याआधी रखवालदाराने हाताने चावी देऊन पुन्हा वर घ्यायचे. रात्रभरात हे अनेकदा. शिवाय वाती कापायच्या, काजळी पुसायची, तेल वर वाहून न्यायचे आणि सकाळी शेकडो काचा एकेक करून पुसायच्या. आधी देवमाशाचे तेल जळे. ते महाग झाले तेव्हा डुकराच्या चरबीचे आले आणि नंतर रॉकेल. १९४८ मध्ये वीज आली.

मनोऱ्याचीही शुश्रूषा चालूच होती. १७८३ चा दगड १८०९ मध्ये तडकला, तेव्हा पिंपाला मारतात तशी लोखंडी कडी त्याला मारण्यात आली. छायाचित्रांत मनोऱ्यावर पट्टे दिसतात, ते शोभेचे नाहीत. तडे सांभाळणाऱ्या पट्ट्यांचीच ती परंपरा आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली दीपगृहे एकामागून एक यंत्रांवर सोपवली गेली. बोस्टनची पाळी आली तेव्हा लोकांनी विरोध केला आणि १९८९ मध्ये संसदेने कायदाच केला की इथे माणूस राहिलाच पाहिजे. १९९८ मध्ये दिवा स्वयंचलित झाला, देशात सर्वांत शेवटी; तरी रखवालदाराचे पद राहिले. २००३ मध्ये त्या पदावर सॅली स्नोमन यांची नेमणूक झाली. २८७ वर्षांतली ही पहिली स्त्री. २०२३ च्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. पहिली स्त्री हे नेमणुकीच्या कागदापुरते खरे आहे. रखवालदार शहराकडे गेला किंवा तापाने पडला की दिवा कोण लावत असे? घरातली बाईच. तिचे नाव पगारपत्रकात नव्हते, एवढेच.

कोणत्याही दीपगृहाचा इतिहास सांगताना आपण अभियंत्याचे नाव, उंची आणि खर्चाचा आकडा सांगतो. मीही वर तेच केले. प्राँग्जचे सांगताना एका ओळीत तिन्ही सांगून मोकळा झालो. पण तो खर्च एकदाच होतो. त्यानंतर प्रत्येक रात्री कोणीतरी जिना चढलेले असते. बोस्टनच्या रखवालदारांची यादी उपलब्ध आहे. ती वर्दिलेकपासून सुरू होते आणि स्नोमनपर्यंत येते. शॅडवेल या यादीतही नाही. त्या बेटावर मिळेल ते काम त्याने केले. पगार ५० वरून ७० पौंड झाला तेव्हा त्याच्या हाती त्यातले काही येण्याचा प्रश्नच नव्हता. ३ नोव्हेंबर १७१८ ला होडगे पाण्यात लोटणारा माणूस म्हणून त्याचे नाव फक्त त्या एका दिवसाच्या हकिकतीत उरले आहे. आपल्याकडच्या दीपगृहांची दप्तरे कोणी उघडून बसेल, तर त्याने बांधकामाच्या फाइलीआधी तेलाच्या आणि हजेरीच्या वह्या मागाव्यात. ज्यांची नावे दगडावर नाहीत, ती तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.